पोच मिळाली, माल नाही

हार्ड डिस्क मुद्दाम बिघडवण्याचा पगार घ्यायचा असेल तर त्यासाठी आंग मो किओ ही अगदी योग्य जागा आहे. एके काळी त्या इथेच बनायच्या. सीगेट कंपनी १९८२ साली सिंगापुरात आली आणि आंग मो किओ ॲव्हेन्यू ५ वरच्या तिच्या कारखान्यातून वर्षानुवर्षं जगभर डिस्का जात राहिल्या. २००९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं हा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे दोन हजार नोकऱ्या गेल्या. त्या धंद्यात हयात घालवलेली माणसं मात्र याच भागात विखुरली. आमच्या प्रयोगशाळेत त्यातले एक आहेत. वयानं मोठ्या माणसाला इथे 'अंकल' म्हणतात, तसे तेही सगळ्यांचे अंकल. त्यांचं म्हणणं असं, की डिस्क बहुतेक वेळा आपलं दुखणं सांगते, वरचे लोक ऐकत नाहीत.

हे वरचे लोक म्हणजे फाइल सिस्टिम वगैरे मंडळी, आणि ती ऐकतात की नाही हे तपासणं हे माझं काम.

तुम्ही संगणकावर एखादी नोंद 'सेव्ह' करता तेव्हा ती थेट डिस्कवर जात नाही. सरकारी कचेरीतल्या अर्जासारखी ती टेबलांवरून फिरते. आमच्या खोक्यात (छोट्या दवाखान्यांना आणि दुकानांना विकला जाणारा, फायली साठवायचा डबा, त्याला आम्ही खोकंच म्हणतो) सर्वात वर ओव्हरलेएफएस नावाचा थर आहे. मूळ नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून बदल फक्त त्या कागदावर करावेत, तसा हा प्रकार. लिनक्समध्ये तो २०१४ साली आला. त्याच्या खाली ईएक्सटी४ ही नेहमीची फाइल सिस्टिम, तिच्या खाली एन्क्रिप्शन, त्याखाली दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवणारा थर, आणि तळाला बिचारी डिस्क.

प्रोग्रॅमनं 'लिही' म्हटलं की कर्नेल मजकूर स्वतःच्या मेमरीत ठेवून घेतं आणि लगेच 'झालं' म्हणून मोकळं होतं. सिंगापुरात कुठल्याही कामाला पहिलं उत्तर 'कॅन' असं मिळतं, तसंच. काम होणार असतं, पण झालेलं नसतं. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत मजकूर तीसेक सेकंद मेमरीतच पडून राहू शकतो. (पेनड्राइव्हवर फोटो टाकताना पट्टी शंभर टक्के भरली तरी ड्राइव्ह उपटू नये, तो यासाठीच.) ज्याला खात्री हवी त्यानं 'एफसिंक' नावाची हाक मारायची. एफसिंक म्हणजे रजिस्टर पत्राची पोच. पोच सहीनिशी परत आली की माल पोचला.

निदान तसं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

या विषयातलं मला सर्वात आवडणारं काम २००५ सालचं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात विजयन प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी चार फाइल सिस्टिम घेतल्या, त्यांच्या आणि डिस्कच्या मधे एक खोडकर थर घातला, आणि तो ठरावीक ठिकाणी 'लिहिता आलं नाही' असं सांगू लागला. चौघींच्या चार तऱ्हा. रायझरएफएस लिहिण्यात चूक दिसली की जवळजवळ दर वेळी सगळं यंत्रच थांबवायची. एनटीएफएस पुन्हापुन्हा प्रयत्न करणारी. आणि त्या काळी बहुतेक लिनक्स यंत्रांवर असलेली ईएक्सटी३ लिहिण्यातल्या चुकांकडे बऱ्याचदा चक्क काणाडोळा करायची.

काणाडोळ्याचा एक नमुना आपल्याकडच्या पतसंस्थेत काम केलेल्या कुणालाही समजेल. आधी रोजकीर्द लिहायची, मग तीवरून खतावणी, आणि दिवस संपला की कीर्दीखाली सही. फाइल सिस्टिमही हेच करते. आधी जर्नलमध्ये नोंदी, शेवटी 'पूर्ण' असा शिक्का, मग मूळ जागी बदल. वीज गेली तर जर्नल वाचून सगळं पुन्हा जुळवता येतं. ईएक्सटी३ मध्ये असं आढळलं, की जर्नलमधली एखादी नोंद लिहिली गेली नाही तरी ती बाकीच्या नोंदी लिहून खाली शिक्का मारायची. म्हणजे कीर्दीचं मधलं पान गायब, आणि खाली चेअरमनची सही! पुढे कधी त्या कीर्दीवरून खतावणी केली तर काय होईल ते सांगायला नको.

आता आमचं खोकं. लिनक्समध्ये 'डिव्हाइस मॅपर' नावाची सोय आहे, तिच्यातून खोटी डिस्क उभी करता येते. अमुक सेक्टरांवर लिहायला गेलं की नकार, किंवा इतके सेकंद तब्येत ठीक आणि इतके सेकंद बिघडलेली. मी एका फाइलमध्ये सगळीकडे 'अ' भरला, ती नीट डिस्कवर उतरवली, मग तिच्यावर 'ब' लिहिला आणि नेमके तेच सेक्टर बंद केले. एफसिंक केलं. चूक आली. इथवर छान, तळातली बोंब पाचही थर चढून वर आली. मग काहीही न बदलता पुन्हा एफसिंक केलं. उत्तर: यशस्वी. फाइल वाचली तर 'ब'. खोकं बंद करून पुन्हा चालू केलं, फाइल वाचली, तर 'अ'.

कारण असं, की पहिल्या अपयशानंतर कर्नेलनं मेमरीतलं ते पान 'लिहायचं बाकी' या यादीतून काढून टाकलं. चूक एकदा सांगितली, कर्तव्य संपलं. दुसऱ्या वेळी लिहायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून यशस्वी.

हा शोध माझा नाही. २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांना नेमकं हेच कळलं आणि मोठा गहजब झाला, कारण जवळजवळ वीस वर्षं ते पहिलं एफसिंक फसलं तर दुसऱ्यावर विश्वास ठेवत आले होते. आमच्या खोक्याचा आणखी एक वांधा होता. रात्रीचा बॅकअप 'सिंकएफएस' या हाकेवर विसंबून हिरवा दिवा लावायचा, आणि आतलं कर्नेल जुनं होतं. लिनक्सच्या ५.८ आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, सिंकएफएस डिस्कवरची चूक कधी सांगतच नसे. दिवा हिरवाच राहणार, खाली काहीही जळो.

मग ठरलेली बैठक. विक्री विभागाचं म्हणणं, एफसिंक फसलं तर तीनदा प्रयत्न करा, चौथ्यांदा होईलच. होईलच, हाच तर रोग! मी फळ्यावर 'अ' आणि 'ब' काढून दाखवले. माझा आग्रह होता की पहिल्या चुकीला खोक्यानं लिहिणं थांबवावं, फक्त वाचू द्यावं आणि ओरडावं. त्यांना ते परवडणारं नव्हतं. सकाळी रुग्णांची रांग असताना खोकं थांबलं तर डॉक्टर फोन कुणाला करणार? त्यांनाच. त्यांची बाजू खोटी नव्हती. पण रुग्णाला पेनिसिलीन चालत नाही ही नोंद दुपारी दिसते आणि दुसऱ्या दिवशी दिसत नाही, याचा फोन कुणालाच येत नाही, आणि मला भीती त्याची होती.

पोस्टग्रेसनं २०१९ च्या फेब्रुवारीत जो निर्णय घेतला तोच शेवटी कामाला आला. एफसिंक फसलं की त्यांचा डेटाबेस आता स्वतःहून कोसळतो, आणि उठल्यावर आपल्या जर्नलवरून सगळं पुन्हा लिहितो. एवढे मोठे लोक थांबतात म्हटल्यावर आमच्या बैठकीचा सूर जरा मऊ झाला. खोकं आता थांबतं, लाल दिवा लावतं आणि शिट्टी वाजवतं. कर्नेलही बदललं. शिट्टीचा आवाज कमी करा, एवढी एक मागणी विक्री विभागानं मान्य करून घेतली.

अंकलना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, डिस्कच्या आतही एक मेमरी असते, तिचं काय? खरं आहे. डिस्कही मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत घेते आणि 'लिहिलं' म्हणते. मेमरी रिकामी कर अशी वेगळी आज्ञा असते, ती डिस्क खरोखर पाळते का हे वीज तोडूनच कळतं. सिम लिम टॉवरमधून रिले आणली आहे. सोमवारपासून दर दोन मिनिटांनी वीज तोडायची आहे, आणि अंकलनी त्यासाठी घरच्या कपाटातून सहा जुन्या डिस्का काढून आणल्या आहेत.