मांडवाखालची सोयरीक

मराठी भाषा नात्यांच्या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. नवऱ्याचा भाऊ तो दीर, बायकोचा भाऊ तो मेहुणा; दोन बहिणींचे नवरे परस्परांचे साडू आणि दोन भावांच्या बायका परस्परांच्या जावा. इंग्रजीने ह्या साऱ्यांना 'इन-लॉ', म्हणजे कायद्याने झालेले, ह्या एकाच शेपटाने बांधून टाकले आहे. वराच्या आणि वधूच्या आईवडिलांचे एकमेकांशी जे नाते जडते त्याला तर इंग्रजीत रोजच्या वापरातला शब्दच नाही. आपल्याकडे त्यांच्यासाठी व्याही आणि विहीण हे दोन भारदस्त शब्द आहेत.

परंतु शब्द आहे म्हणून नाते झाले असे होत नाही. धर्मगुरू म्हणून वेदीपुढे उभे राहून मी आजवर शेकडो जोडप्यांची संमती ऐकली आहे. विवाहसंस्कार घडतो तो त्या दोघांच्या संमतीने. मागच्या बाकांवर बसलेल्या दोन्हीकडच्या मंडळींना कुणी काही विचारीत नाही, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी ती सारी माणसे एकमेकांची सोयरी होऊन उठतात. दोघांचे नाते संस्काराने जुळते. ह्या बाकीच्यांचे कशाने जुळते? हा प्रश्न माझ्या मनात होता. त्याचे काहीसे उत्तर मला २०२३ च्या दिवाळीच्या सुटीत जव्हारजवळच्या एका कुडाच्या घरात मिळाले.

त्या वर्षी ईस्टरनंतर माझ्या भाच्याचे लग्न झाले. तो एकुलता एक. वडील तो शाळेत असतानाच वारले. माझ्या बहिणीने त्याला दोन खोल्यांच्या जागेत शिवणकाम करून वाढविले. सून मिळाली ती वसईतल्या एका भल्यामोठ्या कुटुंबातली. आजी हयात, तिचे चार मुलगे, दोन मुली, त्यांची मुले, नातवंडे. आमच्या घरात दोन माणसे, त्यांच्याकडे प्रत्येक वाढदिवसाला पन्नास पाने. लग्नानंतर दर रविवारी भाचा सासुरवाडीला जेवायला जाऊ लागला आणि माझी बहीण अबोल होत गेली. "मुलगा त्यांचाच झाला रे आता," असे ती एकदाच मला म्हणाली, पण त्या एका वाक्यामागे किती रात्रींची जाग होती हे मला ठाऊक होते. त्या कुटुंबाने सुटीत चार दिवस एकत्र राहण्याचे ठरवून व्याह्यांकडच्या आम्हा तिघांनाही आग्रहाचे आमंत्रण दिले, तेव्हा ती म्हणाली, "तू येणार असशील तर मी येते." सोमवार ते गुरुवार माझ्या धर्मग्रामाची सोय लावून मी निघालो.

लहानमोठी मिळून आम्ही २७ माणसे होतो. महामार्गाने मनोरपर्यंत आणि तिथून विक्रमगडवरून आमच्या दोन गाड्या घाट चढल्या. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवर आहे. वसईचा दमट उकाडा मागे पडला आणि वाऱ्याला कापलेल्या भाताचा वास येऊ लागला. आमचा यजमान एक वारली शेतकरी. तरुणपणी तो ह्याच कुटुंबाच्या केळीच्या वाडीत अनेक वर्षे मजुरीला होता. आता गावी त्याची भाताची आणि नागलीची शेती होती, आणि घराशेजारी त्याने पाहुण्यांसाठी दुसरे घर बांधले होते. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौले. दोन खोल्या, एक माळा आणि पुढे ऐसपैस ओटी. स्वयंपाकाला मागच्या पडवीत चूल. पाणी उताराखालच्या विहिरीचे. संडास एकच! मोबाईल तर ओटीवरच्या कोनाड्यात निमूट पडून राहिले, कारण तिथे त्यांना कुणी विचारीत नव्हते.

पहिला दिवस मानपानात गेला. दोन खुर्च्या होत्या. एक मला मिळाली, दुसरी विहीणबाई म्हणून माझ्या बहिणीला. एकुलती एक खाट माझ्यासाठी. जावयाने पाण्याचा तांब्या उचलला तर तीन जणी धावल्या. जेवणाचे पहिले पान आमचे. सुकेळ्यांतली मोठी सुकेळी आमच्या ताटात. बहीण उठून पडवीकडे गेली की, "अहो विहीणबाई, तुम्ही बसा," असे म्हणून तिला पुन्हा खुर्चीत आणून बसवीत. त्या माणसांच्या मनात केवळ आदर होता ह्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण त्या रात्री सगळ्या बायका आत दाटीवाटीने आडव्या होऊन हसत होत्या आणि माझी बहीण भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ज्याला आपण मान देतो त्याच्याभोवती, आपल्या नकळत, एक कुंपणही घालतो.

दुसऱ्या दिवशी चूल मदतीला आली. चारी सुनांची सवय गॅसची. ओल्या लाकडांनी धूर धरला, भाकऱ्या करपल्या, डोळे लाल झाले, पोरे भुकेने रडू लागली. पंच्याऐंशीच्या घरातल्या आजीने हे सारे उंबऱ्यावर बसून पाहिले आणि काठी टेकीत ती ओटीवर आली. "विहीणबाई," ती म्हणाली, "ही चूल काही आमच्या सुनांचं ऐकत नाही. तुम्हांला येते का?"

आमचे बालपण चुलीपुढे गेलेले. बहिणीने पदर खोचला, दोन लाकडे ओढली, एक आडवे सरकविले, फुंकणीने एकदाच फुंकर मारली आणि जाळ लागला. मग तांदळाच्या पिठाची उकड मळून ती हातावर भाकऱ्या थापू लागली. धाकट्या सुना भोवती येऊन बसल्या. एकीने पीठ मळले, एकीने भाकऱ्या उतरविल्या. तासाभरात तिने त्यातल्या एकीला, "अगं, जाळ मागे घे, आंधळी आहेस का?" असे दरडावलेले मी ओटीवरून ऐकले आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. माणूस परक्यावर असा ओरडत नाही. तिसऱ्या दिवशी 'विहीणबाई' हा शब्द कुणाच्या तोंडी उरला नव्हता. मोठ्यांची ती 'ताई' झाली होती आणि पोरांची 'मावशी'.

भाच्याचे तसेच झाले. शेजारी खळ्यावर यजमानाची भाताची झोडणी चालू होती. पोरे चपलांनिशी खळ्यात शिरली तेव्हा त्याने त्यांना शांतपणे बाहेर काढले आणि चपला काढायला लावल्या. खळ्यावर लक्ष्मी असते, तिथे पायताण चालत नाही. जावईबापू कडेला उभे होते. त्याने त्यांच्याही हाती पेंढी दिली. दुपारपर्यंत भाच्याच्या तळहाताला फोड आले. संध्याकाळी त्याची चुलतसासू त्याच्या हाताला तेल लावता लावता त्याची यथेच्छ थट्टा करीत होती. मलाही माझे काम मिळाले. सात-आठ वर्षांच्या एका मुलीने तांदळाचे सूप माझ्या मांडीवर ठेवून विचारले, "फादर, खडे काढाल?" तिची आई ओशाळून धावत आली, पण मी सूप सोडले नाही. पाठ्यपुस्तकांतून न कळलेले पुष्कळ काही त्या एका तासात माझ्या कानांवर पडले, कारण खुर्चीतल्या धर्मगुरूपुढे लोक जपून बोलतात. तांदूळ निवडणाऱ्यापुढे मोकळे होतात.

विहिरीवर तर ह्याहून मोठी गोष्ट घडली. सत्तावीस माणसांचे पाणी उतार चढून आणायचे म्हणजे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. सकाळी सगळे पुरुष ओळीने उभे राहत आणि हंडे-कळश्या हातोहात वर येत. चौघा भावांपैकी मधल्या दोघांचे जमिनीच्या वाटणीवरून चार वर्षे बोलणे नव्हते. सहलीला दोघेही आले ते आईच्या शब्दाखातर. ओळीत त्या दोघांच्या मधोमध माझा भाचा उभा राहिला. त्याला ह्या भांडणाची कल्पना नव्हती, आणि नवा माणूस म्हणून तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. ती जागा दुसऱ्या कुणाला घेता आली नसती. बुधवारी सकाळी आजीने हाक मारली म्हणून तो अर्ध्यावरून निघून गेला आणि मध्ये रिकामी जागा उरली. भरलेली कळशी थोरल्याच्या हातात, समोर धाकटा. क्षणभर ओळ थांबली. "धर," थोरला म्हणाला. "सोड," धाकटा म्हणाला. त्यानंतर बारा-पंधरा कळश्या तशाच गेल्या. त्यांचे भांडण मिटले असे मी म्हणणार नाही. कागद अद्याप वकिलाकडेच आहेत. परंतु चार वर्षांत जे शब्द उच्चारले गेले नव्हते ते उच्चारले गेले आणि त्यांची आई ओटीवरून ते ऐकत होती.

त्याच सायंकाळी खळ्याच्या कडेला मी मिस्सा केला. यजमान आणि त्याची पत्नी शेजारी येऊन बसले होते. वाचनासाठी मी जुन्या करारातील अनुवाद ह्या पुस्तकाचा १६ वा अध्याय निवडला होता. खळ्यातले धान्य आणि कुंडातला द्राक्षारस घरात आला की इस्राएल लोकांनी सात दिवस मांडवांचा सण पाळायचा होता. लेवीय पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात ह्याचे कारणही दिले आहे: मिसर देशातून सुटल्यावर देवाने त्यांच्या पूर्वजांना मांडवांत राहविले, हे पुढच्या पिढ्यांना कळावे. म्हणजे पक्की घरे झाल्यावरही वर्षातून एकदा सर्वांनी डहाळ्यांच्या मांडवात येऊन राहायचे. आणि त्या आनंदात कुणाकुणाला सामील करून घ्यायचे ह्याची यादीच मोशेने दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, तसेच वेशीच्या आतला लेवी, उपरी, पोरका आणि विधवा. वाचता वाचता मी समोर पाहिले. जमिनीचा वाटा नसलेला लेवी तो मी. पोरका तो माझा भाचा, विधवा ती माझी बहीण. आणि जो पूर्वी ह्यांच्या वाडीत राबला होता, तो आज घरधनी होता. त्याच्या वेशीच्या आतले उपरी आम्ही सगळेच होतो.

शास्त्रातल्या सोयरिकी अशाच कामातून जुळलेल्या आहेत. रूथचे 'तू जाशील तिथे मी येईन' हे प्रसिद्ध वचन आपण लग्नाच्या पत्रिकांवर छापतो. पण ते तिने नवऱ्याला नव्हे, सासूला दिलेले आहे. आणि ते वचन खरे ठरले ते सरवा वेचून, सासूच्या घरी धान्य आणून. मोशे मिद्यानात सासऱ्याचे कळप राखीत होता. पेत्राच्या घरात तर पेत्र, त्याचा भाऊ आंद्रिया आणि पेत्राची सासू एकत्र नांदत होती. कफर्णहूमला फ्रान्सिस्कन संशोधकांनी १९६८ पासून केलेल्या उत्खननात त्या काळची घरे सापडली: काळ्या दगडांच्या लहान खोल्या, मध्ये सामाईक अंगण आणि वर फांद्या व चिखलाचे हलके छप्पर. पवित्र भूमीला गेलेल्यांनी ती पाहिली असतील. अशाच एका घरात प्रभू येशूने त्या तापकरी सासूचा हात धरून तिला उठविले, आणि उठताच ती सर्वांची सेवा करू लागली. प्रभूने तिला बरे करून मानाच्या जागी बसवून ठेवले नाही. तिचे घर आणि तिचे काम त्याने तिला परत दिले.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ सालच्या 'अमोरिस लेटिशिया' ह्या पत्रात सासू-सासरे आणि इतर सोयऱ्यांना विसरू नका, त्यांना प्रतिस्पर्धी मानू नका, असे आवर्जून सांगितले आहे. आपल्या गावांतून पूर्वी ह्याची सोय आपोआप होत असे. लग्न ठरले की शेजारीपाजारी मांडवाचे बांबू आणीत. रात्र रात्र जागून तांदूळ निवडले जात, कांदे सोलले जात, हसण्या-रुसण्यात रात्री सरत. आज हॉल भाड्याने मिळतो, जेवण केटरर आणतो आणि घरची माणसेसुद्धा पाहुण्यांसारखी रांगेत ताट धरून उभी असतात. कष्ट वाचले ही चांगलीच गोष्ट झाली. आपल्या आयाबहिणींनी ते फार सोसले. परंतु त्या कष्टांबरोबर परक्याला आपले करण्याची एक जुनी रीतही आपल्या हातून निसटत आहे, आणि तिच्या जागी आपण अद्याप दुसरे काही आणलेले नाही.

म्हणून विवाहपूर्व शिबिरात मी आता वधूवरांच्या आईवडिलांनाही बोलावतो आणि त्यांना एकच विनंती करतो. घरात सून आली, जावई आला, विहीणबाई आल्या, तर त्यांचा मान जरूर करा. पण तो एका दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती काहीतरी द्या: वाल सोलायला, मूल सांभाळायला, बाजारातून मासळी आणायला. त्यांच्यावाचून आपले अडते, हे त्यांना कळू द्या. योहानाने प्रभूच्या देहधारणेविषयी लिहिताना जे ग्रीक क्रियापद वापरले आहे त्याचा शब्दशः अर्थ तंबू ठोकणे असा आहे. देवाने मनुष्यजातीशी सोयरीक केली तेव्हा तो आपल्या मांडवात राहायला आला, नाझरेथला सुताराच्या हाताखाली राबला, आणि अखेरच्या रात्री भोजनावरून उठून, कमरेला रुमाल गुंडाळून त्याने शिष्यांचे पाय धुतले. आपल्या घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ह्या सोयऱ्याची ओळख आपल्या हातून व्हावी.