‘शांतता राखा’

आमच्या वाचनालयात पाऊल टाकले की पहिली नजर जाते ती समोरच्या भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे. पाटी पत्र्याची. अक्षरे एके काळी पांढरी असावीत. आणि ‘शांतता’वरचा अनुस्वार कुणा खट्याळ पोराने केव्हाच खरवडून काढलेला. त्यामुळे गेली कित्येक वर्षे आम्ही सभासद ‘शातता’ राखीत आलो आहोत. पण राखली मात्र आहे इमानाने! एकाच बाकावर, एकाच वर्तमानपत्राची पाने वाटून घेत दहा-दहा वर्षे शेजारी बसणारी माणसे आमच्याकडे आहेत. त्यांना एकमेकांची आडनावे ठाऊक नाहीत. एकाने पान उलटायचे, दुसऱ्याने घसा खाकरायचा, एवढाच काय तो संवाद.

म्हणूनच आमच्या नव्या ग्रंथपालबाईंनी (वयाने त्या माझ्या नातीएवढ्या आहेत, पण ग्रंथपालाला मी बाईच म्हणतो) ‘गावातल्या प्रश्नांवर माणसांनी इथं बसून एकमेकांशी बोलावं’ अशी सूचना मांडली, तेव्हा कार्यकारी मंडळ क्षणभर अवाक् झाले. आमच्या सभांचे विषय तीन : थकलेली वर्गणी, वाळवी आणि गळणारे पत्रे. त्यात हा चौथा कुठून आला?

“बोलायला आपली व्याख्यानमाला आहे की!” अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्षांचे अगदीच चूक होते असे नाही. वाचनालय आणि व्याख्यान ही आपल्याकडे सख्खी भावंडे आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. पुण्यात १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. आणि त्याच पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून मराठी माणसाला समाजाचे एखादे दुखणे दिसले की तो आधी वक्ता शोधतो, मग सतरंजी, मग आभार मानणारा. मी स्वतः आमच्या व्याख्यानमालेत अकरा वर्षे आभार मानीत आलो आहे, म्हणून अधिकाराने सांगतो : व्याख्यानानंतर जी ‘चर्चा’ होते तीत प्रश्न विचारणारा उठून दुसरे व्याख्यान देतो, आणि वक्ता त्याला तिसऱ्याने उत्तर देतो. मागे एकदा हुंड्याच्या चालीवर अतिशय जळजळीत व्याख्यान झाले. टाळ्यांनी सभागृह दणाणले. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निदान दोघांच्या घरच्या लग्नपत्रिका त्या वेळी माझ्या टेबलावर पडलेल्या होत्या, आणि त्या लग्नांत काय काय ठरले होते तेही मला माहीत होते. टाळ्या मीही वाजवल्या.

बाईंची कल्पना निराळीच होती. डेन्मार्कमध्ये, रोस्किल्ड गावच्या संगीतमहोत्सवात, २००० साली काही तरुणांनी एक वाचनालय मांडले. त्यात पुस्तकांऐवजी माणसे. ज्यांच्याविषयी लोक न बोलताच मत बनवून बसतात अशी माणसे. वाचकाने यादी बघायची, एक ‘पुस्तक’ मागायचे आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसून मनात येईल ते विचारायचे. पुढे हा प्रकार कितीतरी देशांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी उचलला, आपल्या देशातल्याही काही शहरांत झाला. आपण त्याचाच कित्ता आपल्या अक्षरात गिरवू, असे बाईंचे म्हणणे.

सभेत हशा पिकला. “वाचकानं पानांचे कोपरे दुमडले तर दंड किती?” खजिनदारांनी विचारले. “आणि पुस्तकच वाचकाला घेऊन पळालं तर?” दुसऱ्या एकाने भर घातली. पण हसल्यावर माणूस जरा सैल होतो. चहापाण्याला पाचशे रुपये मंजूर झाले, आणि महिन्याचा चौथा शनिवार ठरला.

बाईंनी मोठ्या हौसेने तयारी केली. ग्रंथसूची संगणकावर गेल्यापासून कार्डांचे जुने लाकडी खण रिकामेच पडले होते. त्यातली कोरी कार्डे काढून त्यांनी एकेका माणसाचे कार्ड केले. नाव नाही, फक्त विषय. ‘स्मशानात नोकरी’. ‘घटस्फोटित शिक्षिका’. ‘तृतीयपंथी’. ‘मुसलमान, बँकेत नोकरी, बत्तीस घरे पाहिली, भाड्याने एकही मिळाले नाही’. ‘घरकाम, बावीस वर्षे’. खाली नियम : पुस्तक जसे नेले तसे परत करावे. वाचकाने काहीही विचारावे. पुस्तकाला उत्तर द्यायचे नसेल तर त्याने ‘हे पान कोरे आहे’ म्हणावे.

शनिवारी पाच वाजता लोक येतील की नाही याची धास्ती होती, पण चाळीसएक माणसे आली. आमच्या शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्या बँकेतल्या तरुणाचे कार्ड घेऊन बसले. अर्धा तास संपला, सेक्रेटरी उठले आणि चहा न घेताच घरी गेले. ते रागावले की आणखी काही झाले, हे मला अजून उमगलेले नाही. तृतीयपंथी ‘पुस्तका’भोवती कॉलेजच्या तीन मुली होत्या, आणि त्या दालनातले सर्वांत मोठे हसणे त्याच कोपऱ्यातून, बरोब्बर पाटीच्या खालून येत होते.

मी कोणते कार्ड घेतले? खोटे कशाला सांगू, मी सोपे बघून घेतले. स्मशानाची भीती वाटली, घटस्फोटित बाईंना काय विचारावे कळेना. ‘घरकाम’ म्हणजे माहितीचा विषय. चाळीस वर्षे घरात धुण्याभांड्याला बाई आहे, त्यात नवे ते काय असणार!

कार्ड घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसलो, आणि समोर पाहिले तर शेवंता. बारा-तेरा वर्षांपूर्वी तीन वर्षे ती आमच्याकडे कामाला होती. मीही चपापलो, तीही. मग तीच हसून म्हणाली, “बसा काका. तुमचंच वाचनालय आहे.”

आता पंचाईत अशी की घरी मी तिला एकेरी हाक मारीत असे. इथे ती पुस्तक होती, मी वाचक. शेवटी ‘शेवंताबाई, किती घरं करता हल्ली?’ असे काहीसे पुटपुटलो. तिच्या भुवया किंचित वर गेल्या, पण ती काही बोलली नाही.

चार घरे, त्या म्हणाल्या. पूर्वी सहा होती. आता गुडघे धरतात. मग मी पगार विचारला, सुट्ट्या विचारल्या. एखाद्या खानेसुमारीच्या कारकुनासारखे माझे चालले होते. त्याही नीट उत्तरे देत होत्या. एका इमारतीत त्यांना लिफ्ट वापरू देत नाहीत, कुत्र्याला देतात. एका घरी बाई आजारी पडल्या तर औषधाच्या वेळा यांनाच ठाऊक. दिवाळीचे बोनस म्हणून मिळालेली साडी पुढच्या घरच्या बाईंनी ओळखली, कारण ती त्यांनीच पहिल्या घरी हळदीकुंकवाला दिलेली! आम्ही दोघेही त्यावर मनमोकळे हसलो. आणि त्या हसण्याच्या भरात मी विचारून बसलो, “आमच्याकडचं काही आठवतं का हो?”

शेवंताबाईंनी पदर सारखा केला. “फॉर्मचं आठवतं,” त्या म्हणाल्या.

मला चटकन लक्षात येईना. त्यांनी आठवण करून दिली. तेव्हा त्यांची मुलगी सहावीत होती. शाळा सुटल्यावर घराला कुलूप. म्हणून ती इथल्या मोफत वाचनकक्षात येऊन बसे. तिथे बसून वाचायला कोणाला बंदी नाही. पण पुस्तक घरी न्यायचे तर सभासद व्हायला हवे, आणि सभासद व्हायला दोनशे रुपये अनामत आणि एका जुन्या सभासदाची जामीन म्हणून सही हवी. दोनशे रुपये शेवंताबाईंनी साठवले होते. फॉर्म भरून, पोरीचा फोटो चिकटवून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला होता. मी चहा घेत होतो. “ठेव इथं, बघतो,” म्हणालो होतो.

“पंधरा दिवसांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, फॉर्म सापडत नाही.”

“हो, नसेलच सापडला तेव्हा,” मी म्हणालो.

“टेबलाच्या काचेखाली होता, काका. वर टेलिफोनच्या बिलाची पावती सरकली होती, पण पोरीचा फोटो दिसायचा. काच रोज मीच पुसत होते.”

हे त्यांनी रागाने म्हटले असते तर मला काहीतरी उत्तर सुचले असते. त्या अगदी सहज, साडीची हकीगत सांगावी तशा बोलल्या. आणि मला त्या क्षणी सगळे लख्ख आठवले. फॉर्म मीच काचेखाली सरकवला होता. पोरीने पुस्तके हरवली तर भरपाई आपल्यावर येईल, असा विचार माझ्या मनात आला होता. नाही म्हणायचेही धैर्य नव्हते, म्हणून ‘सापडत नाही’.

“मग मागायचा नाही का पुन्हा?”

“मागितला असता तर तुम्हाला अवघड झालं असतं,” शेवंताबाई म्हणाल्या. “काम सोडलं मग चार महिन्यांनी.”

काहीतरी बोलायला हवे म्हणून मी विचारले, “मुलगी काय करते आता?”

त्यांनी भिंतीवरच्या कार्डाकडे, नियमांकडे पाहिले. “हे पान कोरं आहे,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात बाईंनी घंटा वाजवली.

घरी येऊन मी टेबलावरचा पसारा हलवला आणि काच उचलली. पावत्यांचे, पत्रिकांचे, देवाच्या तसबिरींचे थरच्या थर निघाले. तळाशी फॉर्म होता. तो ओढला तर कागद सुटून आला, पण फोटो दमट हवेने काचेला चिकटून बसला होता. फार ओढले असते तर चेहराच निघाला असता. काच तशीच परत ठेवली. सौ.ना सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “शेवंता काम सोडून गेली तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, कुणी शंभर रुपये जास्त दिले असतील.”

पुढच्या सभेत मी जामिनाची अट रद्द करण्याचा ठराव मांडला. शेवंताबाईंचे नाव घेतले नाही, माझे घेतले. वाद झाला तो असा की गेल्या दहा वर्षांत झाला नसेल. एक पक्ष म्हणाला, जामीन गेला की पुस्तके गेली. आपल्याकडे १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, सरकारी अनुदान मिळू लागले. पण बहुतेक वाचनालये चालवायची ती आमच्यासारख्या संस्थांनीच, आणि तुटपुंज्या पैशांत. हरवलेले पुस्तक कोण भरून देणार? हा मुद्दा पोकळ नव्हता. मी बडोद्याचा दाखला दिला : सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले, आणि शंभर वर्षांपूर्वी खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या. “महाराजांच्या पाठीशी खजिना होता,” खजिनदार म्हणाले, आणि तेही खरेच होते.

तेव्हा ग्रंथपालबाईंनी काही न बोलता न परतलेल्या पुस्तकांची नोंदवही पुढे ठेवली. वर्षाहून अधिक काळ अडकलेली पुस्तके एकशे सहा. त्यांतली जामिनावर घेतलेल्या नव्या सभासदांकडची चौदा. बाकीची आश्रयदाते, आजीव सभासद आणि विद्यमान कार्यकारी मंडळ यांच्याकडे सुखरूप होती. दोन माझ्या नावावर. अध्यक्षांच्या नावावर किती, हे सभ्यपणाने कोणी मोजले नाही.

ठराव पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला, तोही अर्धा : अठरा वर्षांखालच्या मुलांना शाळेचे ओळखपत्र पुरे, जामीन नको. मोठ्यांना अट कायम. दोनशेची अनामतही कायम. तिच्यावर पुढच्या सभेत भांडण आहे. मुलांचे सात अर्ज आले आहेत. माझ्या नावावरची दोन पुस्तके मी दुसऱ्याच दिवशी परत केली. एकाचा दंड मूळ किमतीहून जास्त झाला. तो बाईंनी एक रुपयाही न सोडता घेतला, आणि पावती दिली.

चौथा शनिवार आता नेमाने होतो. सगळ्याच गोष्टी गोडीगुलाबीने होतात असे नाही. मागच्या खेपेला आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याशी एक गृहस्थ तावातावाने भांडले आणि आपली वर्गणी बंद करून गेले. शेवंताबाई मात्र पुन्हा आल्या नाहीत. बाईंनी निरोप पाठवला, तर उत्तर आले की शनिवारी एका घरी जास्तीचे काम लागले आहे.

पुढच्या यादीत मी ‘पुस्तक’ व्हावे, असे बाईंच्या मनात आहे. मला कोण काय विचारणार, असे मी म्हणालो. “ते वाचक ठरवतील,” त्या म्हणाल्या, आणि एक कोरे कार्ड माझ्या हातात दिले. त्यावर विषय मीच लिहायचा आहे. ‘सभासद, चाळीस वर्षे’ असे लिहिले होते, खोडले. दुसऱ्यांदा लिहिले, तेही खोडले. कार्ड सध्या टेबलावर आहे. काचेच्या वर.