पेन्सिली घेऊन ये

माझे आजोबा खामगावच्या जिनिंग फॅक्टरीत मुकादम होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861-65) तिकडचा कापूस अडकला, तेव्हा वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाऊ लागला. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटाच आला. लँकेशायरच्या गिरण्यांचं रंगाचं, ब्लीचचं पाणी मर्सी नदीत जायचं. म्हणून मला या नदीकाठच्या वॉरिंग्टनला पाणी तपासायची नोकरी लागली, तेव्हा बाबांनी पत्रात लिहिलं, "आपल्याच कापसाची घाण आहे, नीट उपस."

घाण नुसती कापसाची नव्हती. रन्कॉर्नच्या क्लोरीन कारखान्यांचा पारा गाळात बसला होता. वॉरिंग्टनच्या बंधाऱ्याखाली साबणाचा फेस उठायचा. लिव्हरपूलचं मैलापाणी तर प्रक्रियेविना थेट मर्सीच्या खाडीत सुटायचं. या खाडीचं तोंड अरुंद आणि पोट रुंद, त्यामुळे आत पडलेलं भरती-ओहोटीबरोबर आतल्या आत फिरत राहायचं. उन्हाळ्यात वरच्या भागातल्या नमुन्यांत प्राणवायू जवळजवळ नसायचाच.

1981 मध्ये लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागात दंगल झाली. पर्यावरणमंत्री मायकेल हेसेल्टाइन तिथे गेले, तेव्हा नदीची अवस्थाही त्यांच्या नजरेत भरली. त्यातून 1985 मध्ये 'मर्सी बेसिन कॅम्पेन' सुरू झालं, मुदत पंचवीस वर्षं. सरकार, नगरपालिका, पाणी कंपनी, कारखानदार, गळ टाकणारे, शाळा, सगळे एका टेबलाभोवती. या मोहिमेकडे कोणाला दंड करायचा अधिकार नव्हता. मला तेव्हा ती निव्वळ चहापानाची सोय वाटायची.

तिथे समन्वयाचं काम करणाऱ्या एका बाईंचं माझ्यावर ऋण आहे. पहिल्या बैठकीला मी नमुन्यांचे तक्ते घेऊन निघालो होतो. त्या म्हणाल्या, "आकडे घरी ठेव. मोठा नकाशा आण आणि पेन्सिली घेऊन ये. ज्याला जे माहीत आहे ते त्याने त्यावर काढायचं."

चर्चच्या सभागृहात नकाशा पसरला. निवृत्त गोदी कामगारांनी, कोणत्या भरतीला फेस कुठे साचतो ते दाखवलं. गळवाल्यांनी लहानपणी ऐकलेल्या माशांच्या जागा खुणावल्या. एका कारखान्याचा माणूस तासभर हाताची घडी घालून उभा होता. मग त्याने पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या कारखान्याचा एक पाइप काढला. तो आमच्या कोणत्याच कागदावर नव्हता. मी तक्ते वाचले असते, तर तो माणूस पुढच्या बैठकीला वकील घेऊन आला असता. त्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. कोणाला आणखी चहा हवाय का, एवढंच विचारलं. ही समज मला कोणत्याही पदवीने दिली नसती.

पण केवळ गोडीगुलाबीने नदी सुधारली, असं मी म्हणणार नाही. 1991 मध्ये लिव्हरपूलच्या जुन्या सँडन गोदीत मैलापाणी शुद्धीकरण केंद्र सुरू झालं, त्याला प्रचंड पैसा लागला. युरोपीय समुदायाचे नियम मानेवर होते. शिवाय कितीतरी गिरण्या आणि कारखाने आपोआपच बंद पडले होते. तिथल्या बेकार माणसांच्या हालाचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही. टेबलाने केलं ते इतकंच, की पैसा आल्यावर आधी कुठे घालायचा यावर भांडण कमी झालं. माझ्या मते हे फार मोठं काम आहे.

1999 मध्ये मोहिमेला ब्रिस्बेनला नद्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ते त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं. पुढे वॉरिंग्टनजवळच्या वुल्स्टन बंधाऱ्यावर सामन मासे दिसू लागले. गाळातला पारा मात्र अजून आहे; तो उकरायचा नाही, हेही तिथे एकत्र बसूनच समजून घ्यावं लागलं.

2010 मध्ये ठरल्याप्रमाणे मोहीम बंद झाली. निरोपाच्या जेवणात मी त्या बाईंचे आभार मानायला उभा राहिलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "आभार मानायचेच तर माझ्या शेजारणीचे मान," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं वाढीव पाणीपट्टी भरतेय ती. दर बिलाला मला शिव्या देते, आणि भरते."