लिंबायतचा सिंगा

लिंबायतच्या आमच्या गच्चीवर आला तेव्हा तो पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासा मोठा होता. माशांच्या दुकानात अशा हिरव्या पिल्लांना 'सिंगापुरी' म्हणतात, म्हणून घरात तो सिंगा झाला. लूमवरची रात्रपाळी सुटली की नाना चहाआधी त्याच्या टबातलं पाणी बदलायचे. मग सिंगा विटेवर चढून मागचे पाय सरळ ताणायचा, बोटं फाकवायचा आणि डोळे मिटून ऊन खायचा.

मोठा झाल्यावर त्याला तापीमायमध्ये सोडायचं, असं नानांनी ठरवलं होतं. कासव विष्णूचा अवतार, पुण्य लागेल. पण आधी त्याची जात कळायला हवी होती. कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची कासवं घरात पाळता येत नाहीत.

जुन्या टूथब्रशनं त्याची पाठ घासली. डोळ्यामागे लाल पट्टा होता. पण लालसर खूण आपल्या छप्परी कासवालाही असते. त्याच्या पाठीवर मात्र मधोमध टोकदार कणा असतो, सिंगाची पाठ बसकी होती. उलटा धरला. पोट पिवळं, खवल्याखवल्यावर काळे डाग. तळ्यातल्या मऊपाठीच्या कासवाला मागचे पाय झाकणाऱ्या झडपा असतात, त्या इथे नव्हत्या. म्हणजे हा लालकान्या, मूळचा अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातला. पुढची लांब नखं सांगत होती की नर आहे.

जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर उपऱ्या जातींच्या यादीत हा आहे. नदीत सुटला की तिथल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा दोन्ही बळकावतो.

"म्हणजे पुण्य नाही?" नानांनी विचारलं.

"तापीमायला ताप होईल, नाना."

दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याकडून मोठी टाकी घेऊन आले.

वयात आल्यावर सिंगा स्टीलच्या घमेल्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबापुढे नखं थरथरवायचा. मादीपुढे नर असंच करतात. "लग्न लावा याचं," वहिनी म्हणायच्या. नाना मान हलवायचे. आणखी पिल्लं कुठे ठेवणार?

एका हिवाळ्यात त्यानं खाणं सोडलं, डोळे सुजले. डॉक्टरांचं इंजेक्शनही लागू पडलं नाही.

गल्लीत कुणी कासव आणलं की आता नानांना बोलावणं येतं. नाना नमस्कार करत नाहीत. "आधी पोट दाखव," म्हणतात. झडपा किंवा पाठीवर टोकदार कणा दिसला तर वनखात्याला फोन करायला लावतात, पाठ बसकी आणि पोट पिवळं निघालं तर विचारतात, "टाकी केवढी आहे?"