वाऱ्याचा आडोसा

सज्जनहो, गेल्या त्रिपुरी पौर्णिमेची एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट इंद्रायणीच्या घाटावरची आहे, पाच म्हाताऱ्यांची आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्या एका जुन्या अपराधाची आहे. कीर्तनात ती कधी सांगता आली नाही. आता गळा थकला, नारदांची गादी सुटली, म्हणून लिहून सांगतो.

आम्ही पाच जण आळंदीत राहतो. एक विणेकरी, दोघे टाळकरी, एक मृदंगवादक आणि मी. चाळीस वर्षे गावोगावच्या सप्ताहांत एकत्र हिंडलो. आता हिंडणे एवढेच उरले आहे की संध्याकाळी माउलींचे दर्शन घ्यायचे, घाटाने सिद्धबेटाच्या दिशेने पाय निघतील तेवढे जायचे आणि परत यायचे. कोणाचे गुडघे, कोणाचे डोळे. आमच्या मृदंगवादक आबांच्या बोटांना कंप सुटला आहे. ज्या बोटांनी मृदंग बोलका केला, त्यांना आता चहाची कपबशी सावरत नाही.

त्रिपुरीचा दिवस वारकऱ्याला भरून आल्यासारखा असतो. कोजागिरीपासून गावोगावी चाललेल्या काकड्याची सांगता होते. पंढरपुरात कार्तिकी एकादशीला जमलेले वारकरी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन माघारी वळतात आणि त्यांतले कित्येक आळंदीची वाट धरतात. अकरा दिवसांनी वद्य एकादशी, पुढे त्रयोदशीला माउलींच्या संजीवन समाधीचा दिवस. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ सालचा तो दिवस आळंदी अजून कालचाच मानते. पाहुणे यायच्या आधी घरासमोर दिवा लावावा, तशी ही पौर्णिमा आम्हाला वाटते.

त्या संध्याकाळी टाळकरी तात्यांनी पिशवीतून अकरा पणत्या आणल्या. वाती घरी वळलेल्या, तेल लहान बाटलीत. पूर्वी आम्ही पानाच्या द्रोणात दिवा ठेवून पाण्यावर सोडत असू. हल्ली नदीला फेस येतो, तिच्या अंगावर आणखी काही टाकावेसे वाटत नाही. म्हणून पायरीवरच पणत्या ठेवायच्या असे ठरले. समोर चंद्र वर येत होता. बायका त्रिपुरवाती लावत होत्या. संस्थेतली लहान मुले ओळीने पणत्या मांडत होती. ती पाहून मला माझे दिवस आठवले. जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे काढली. दुपारी झोळी घेऊन माधुकरी मागायची, आणि पाठांतर चुकले की याच पायऱ्यांवर बसून पुन्हा घोकायचे.

त्रिपुरीवर मी किती कीर्तने केली असतील! तारकासुराच्या तीन मुलांची तीन पुरे, सोन्याचे, रुप्याचे आणि लोखंडाचे. ती तिन्ही एका रेषेत आली तेव्हा शंकरांनी एकाच बाणात जाळली. त्या पुरांचा अर्थ लावताना मी अहंकारावर तासभर बोलत असे. ते पूर समोर बसलेल्या कोणाच्या तरी घरी आहे, अशीच माझी समजूत होती.

आता बघा काय झाले. मी खाली बसलो, काडी ओढली, ती विझली. दुसरी विझली. नदीवरून वारा येत होता. वात पेटली तरी दोन क्षण टिकेना. पाच-सहा काड्या गेल्या आणि मी वैतागलो. तेवढ्यात वारा थांबल्यासारखा वाटला. वात धरली, ज्योत उभी राहिली. दुसरी पणती लागली, तिसरी लागली. मला वाटले, जमले!

मान वर केली तर वारा थांबला नव्हताच. माझ्या मागे चौघे खांद्याला खांदा लावून उभे होते. आबांनी दोन्ही हातांनी उपरणे पसरून धरले होते. हात थरथरत होते, त्याबरोबर उपरणेही थरथरत होते, पण ज्योत स्थिर होती.

सज्जनहो, गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागेतल्या दिव्याची उपमा दिली आहे. मी तो दृष्टांत आयुष्यभर सांगितला. दिव्याचे वर्णन केले, ज्योतीचे केले. पण ती जागा बिनवाऱ्याची कशी झाली, तिथे वारा कोणी अडवला, हा प्रश्न मला सत्तरी उलटेपर्यंत पडला नाही. कीर्तनातही हे चौघे असेच माझ्या मागे उभे असत. माझा श्वास अपुरा पडला की टाळकरी चाल उचलत. मी ओवी विसरलो की आबा मृदंगावर असा काही बोल काढीत की लोकांना वाटे, बुवा मुद्दाम थांबले आहेत. हार मात्र माझ्या गळ्यात पडत.

आणि मग तो जुना दिवस आठवला. पंचवीस वर्षे तरी झाली असतील. एका गावी काल्याचे कीर्तन होते. ऐन रंगात मृदंगाच्या धुमेची कणीक सुटली आणि आबा ती बसवण्यासाठी थांबले. मी हजारभर लोकांसमोर म्हणालो, "मृदंगच झोपला, तर टाळकऱ्यांनी जागावं कोणासाठी?" लोक खदखदून हसले. मलाही ती कोटी आवडली. आदली रात्र आबांनी आजारी आईच्या उशाशी बसून काढली होती, हे मला महिन्याने कळले. तेव्हाच पाय धरायला हवे होते. पण मी कीर्तनकार, आणि ते साथीदार. लोखंडाचे पूर माझ्याच घरी होते.

हातातली काडी विझू दिली आणि बसल्या जागेवरूनच म्हणालो, "आबा, त्या काल्याच्या दिवशी मी तुम्हाला बोललो होतो."

कोणता दिवस, असे त्यांनी विचारले नाही. जरा वेळाने म्हणाले, "कणीक मीच पातळ भिजवली होती, बुवा."

"तरी लागलं असेल तुम्हाला."

"लागलं होतं," आबा म्हणाले. "पण पुढच्या चरणाला तुम्ही समेवर बरोबर आलात. मग वाजवलं." आणि लगेच, "आधी राहिलेल्या पणत्या लावा. माझे हात दुखायला लागले."

मी लावल्या. अकराही लागल्या. शेवटची लावायला मी आबांना खाली बसवले आणि उपरणे माझ्या हातात घेतले. त्यांची काडी वातीला लागेना, इकडे तिकडे होई. वेळ लागला. पंचवीस वर्षांनी का होईना, त्यांच्या मागे उभे राहून वारा अडवायची पाळी माझ्यावर आली, हे माउलींनीच घडवले असे मी समजतो. ज्योत उभी राहिली तेव्हा आबांनी हात जोडले. मी नदीकडे पाहून हात जोडले आणि मनातल्या मनात त्यांच्याकडे पाहून.

परतताना कोणी फारसे बोलले नाही. विणेकऱ्यांनी हळू आवाजात नामाचा गजर धरला, बाकीच्यांनी टाळ्यांवर साथ केली. माझा आवाज लागला नाही, म्हणून मी नुसता मागून चाललो. मागून चालायलाही बरे वाटते, हे त्या रात्री कळले.

वाचक माउली, येत्या त्रिपुरीला आपणही दिवा लावाल. ज्योत स्थिर राहिली, तर एकदा मागे वळून पाहावे. कोणी उभे असेल. त्याला सांगायचे काही राहून गेले असेल, तर तेल आहे तोवर सांगून टाकावे. मी फार उशीर केला. आबा आहेत, म्हणून निभावले.

रामकृष्ण हरी.