झाकण

डब्लिनमधील शिक्षण संपवून भाची परतली आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत रुजू होऊन आमच्याकडेच राहू लागली. गेल्या रविवारी तिने जाहीर केले, "मामा, आज बीफ अँड स्टाउट पाय करू." मी उठून आधी स्वयंपाकघराची खिडकी लावली. हे इतके आपसूक घडले की त्याचा अर्थ मला संध्याकाळपर्यंत उमगला नाही.

महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्याने आली. २०१५मध्ये बैल आणि वळूही तीत आले. म्हैस त्या बंदीत नाही. तेव्हा कॅम्पातून म्हशीचे किलोभर मांस आणले.

कृती आपल्या रश्श्याहून फार दूरची नाही. मांसाचे तुकडे मैद्यात घोळवून तेलावर तांबूस परतायचे. त्याच भांड्यात कांदा, गाजर, लसूण, तमालपत्र आणि मग स्टाउट. भाजून काळ्या केलेल्या बार्लीमुळे ही बिअर काळी व कडवट असते. मंद आचेवर तीनेक तासांत कडवटपणा निवळतो, मांसातला चिवटपणा विरघळून रस दाट होतो. हे सारे पूर्ण गार झाल्यावरच वर मैदा-लोण्याची पारी घालायची. घाई केली तर लोणी वितळून पारी बसते. वाफेसाठी मध्ये चीर, वरून अंड्याचा हात, आणि ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर पाऊण तास.

रस आटत असताना आई दारात येऊन उभी राहिली. "मोठ्याचं हाय ना?" कित्येक वर्षांनी हा शब्द आमच्या घरात उच्चारला गेला. मग ती चान्यांविषयी बोलू लागली : मांसाच्या लांब पट्ट्या, दोरीवर वाळवलेल्या, पावसाळ्यासाठी डब्यात भरून ठेवलेल्या. मी शाळेत जाऊ लागल्यावर तिने हे सारे बंद केले होते. का, हे मी कधी विचारले नव्हते. आज विचारले. "तुझ्या कपड्यांना वास लागंल, पोरं लांब बसतील म्हणून."

मला खिडकी आठवली.

मी एम.ए.च्या वर्गाला दलित आत्मकथने शिकवतो. 'बलुतं'मधील भुकेवर तासन्‌तास बोलतो. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या पाककृती नोंदवणारे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक आवर्जून वाचायला सांगतो. परंतु इतक्या वर्षांत 'आमच्या घरी' हे दोन शब्द माझ्या व्याख्यानात आलेले नाहीत. दुसऱ्यांच्या धिटाईवर मी माझी टिपणे काढत आलो.

पाय ओव्हनमधून निघाला तेव्हा शेजारच्या काकू दारात आल्या. "काय बेक केलंत? काय सुरेख वास सुटलाय!" भाची म्हणाली, "आयरिश पाय आहे." त्या कौतुकाने हसल्या. मी 'मोठ्याचं' म्हणालो असतो तर त्या हसल्या असत्या का, ठाऊक नाही. त्यांच्यावर तसा आरोपही करवत नाही, कारण मी म्हणालोच नाही.

आईने खुसखुशीत पारी फोडून एक घास घेतला आणि तिखटाचा डबा मागितला. "मांस झ्याक शिजलंय," एवढेच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पाटोळ्यांच्या पुस्तकावर तास आहे. सुरुवात कशी करायची ते अजून ठरत नाही. चान्या किती दिवस वाळवाव्या लागतात, हे मात्र आईकडून लिहून घेतले आहे.