घाट बंद आणि खोलीचा इसार

पावसाळ्यातील महाबळेश्वर हे उन्हाळ्यातील महाबळेश्वराहून निराळेच गाव असते. सुरूर फाट्याला महामार्ग सोडावा, वाई ओलांडावी आणि पसरणीचा घाट चढू लागावे, की थोड्याच वेळात ढग खाली आणि आपण वर असा प्रकार सुरू होतो. पाचगणीला टेबललँडची कड धुक्यात हरवलेली असते. पुढे वेण्णा तलावाचे पाणी कोठे संपते आणि धुके कोठे सुरू होते हे ओळखू येत नाही. भर दुपारी दुकानांत दिवे लागलेले असतात, मक्याची कणसे भाजणाऱ्यांच्या शेगडीभोवती छत्र्यांचा मांडव झालेला असतो, आणि पॉइंटवर उभे राहून दरी पाहायला आलेल्या माणसाला समोर केवळ पांढरा पडदा दिसतो. तरीही माणसे जातात आणि तृप्त होऊन येतात. हा पाऊस पाहण्यासारखाच आहे.

मात्र हे गाव वसले तेव्हा पाऊस पाहण्यासाठी येथे कोणी येत नसे. 1824 साली लॉडविक हा इंग्रज अधिकारी येथवर चढून आला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने पेठ वसवली, म्हणून तिला माल्कमपेठ हे नाव पडले. त्या काळी हंगाम दोनच मानत: एक मार्चअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत आणि दुसरा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात. मधले महिने साहेबलोक डोंगर रिकामा करून खाली उतरत आणि मागे राहणारे रहिवासी घरांच्या भिंतींना गवताचे जाड आच्छादन बांधून आत बसत. ज्या पावसापासून पूर्वी लोक पळत, तोच पाऊस आज ‘पावसाळी पॅकेज’ म्हणून विकला जातो. न्याहारी आणि दोन्ही वेळचे जेवण धरून, हवे असल्यास सूर्यास्तापूर्वीच्या जैन भोजनासह, भाडे उन्हाळ्यापेक्षा कमी. पंधरा ऑगस्टला लागून शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईच्या बाजारपेठांतील कुटुंबे पर्युषणापूर्वी दोन दिवस काढून निघतात.

आपल्या साधु-साध्वींचा विहार आषाढात थांबतो. जमिनीवर जीवजंतूंची दाटी झालेली असते, पावलागणिक हिंसा घडते, म्हणून चार महिने एका ठिकाणी स्थिरावणे हा चातुर्मासाचा नियम. गृहस्थाला तो बंधनकारक नाही. पण या दिवसांत वाट सुरक्षित नसते, एवढी साधी गोष्ट त्या नियमामागे आहे आणि ती मोटारीलाही लागू पडते.

जुलै 2021 चे उदाहरण पुरे. त्या महिन्याच्या 22 तारखेच्या सकाळपासून 23 च्या सकाळपर्यंत महाबळेश्वरात जवळजवळ 600 मिलिमीटर पाऊस झाला; पुण्याला एका अख्ख्या पावसाळ्यात साधारण एवढा पडतो. पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट ठिकठिकाणी खचला. त्याच पावसात महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत 204.5 मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस म्हणजे ‘अत्यंत मुसळधार’, आणि जिल्ह्याला ‘रेड अलर्ट’ दिला जातो तो साधारणपणे अशाच पावसाच्या अंदाजावर.

अशा दिवशी घरात काय बोलणे होते ते आपण सर्व जाणतो. समजा तीन खोल्या, दोन रात्री, जेवणासह 36,000 रुपये आधीच भरलेले आहेत. मुलांच्या पिशव्या दाराशी आहेत. टीव्हीवर लाल रंगाचा नकाशा आहे. हॉटेलला फोन केला तर उत्तर येते, ‘आमच्याकडे सर्व सुरू आहे, परतावा नाही.’ मग घरातील कोणीतरी म्हणते, ‘पैसे तर गेलेलेच आहेत, सावकाश जाऊ.’ हे वाक्य धोक्याचे आहे. आजी-आजोबा आणि लहान मुले घेऊन गाडी घाटात शिरते ती पावसाच्या ओढीने नव्हे, त्या 36,000 रुपयांच्या ओढीने.

व्यापारी माणसाच्या मनात इसाराची एक कल्पना पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. सौदा ठरला, इसार दिला, घेणाऱ्याने माघार घेतली तर इसार बुडाला. यात कोणी तक्रार करत नाही. खोलीच्या आगाऊ रकमेलाही आपण नकळत तोच न्याय लावतो आणि गप्प बसतो. परंतु माघार घेणे निराळे आणि दैवाने वाट अडवणे निराळे, हा भेद आपल्या देशाच्या कायद्याने फार पूर्वीच केला आहे.

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या कलम 56 प्रमाणे करार झाल्यानंतर एखादी गोष्ट करणे अशक्य झाले, किंवा टाळता न येणाऱ्या घटनेमुळे बेकायदेशीर झाले, तर तो करार तेथेच संपतो. आणि कलम 65 सांगते की असा करार संपला तर ज्याला त्यातून काही मिळाले असेल त्याने ते परत करावे. कायद्यातच दाखल्यादाखल एक गायक दिला आहे: हजार रुपये आगाऊ घेतले आणि ऐन वेळी आजारी पडल्यामुळे गाता आले नाही, तर यजमानाचा बुडालेला नफा भरून देण्यास तो बांधलेला नाही, मात्र घेतलेले हजार रुपये त्याने परत केले पाहिजेत. खोलीच्या व्यवहारात गायकाच्या जागी हॉटेल ठेवून पाहावे.

या बाबतीत आपला कायदा त्या काळच्या इंग्लंडपेक्षा उदार होता. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची मिरवणूक पाहण्यासाठी लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरील खोल्या एका गृहस्थाने 75 पौंडांना घेतल्या होत्या; 25 पौंड आगाऊ दिले होते. राजा आजारी पडला, मिरवणूक रद्द झाली. ‘क्रेल विरुद्ध हेन्री’ या नावाने गाजलेल्या त्या दाव्यात न्यायालयाने उरलेले 50 पौंड माफ केले. दिलेले 25 मात्र त्या गृहस्थाला मिळाले नाहीत. आपल्याकडे कलम 65 तेव्हाही होते. पुढे 1954 मध्ये सत्यब्रत घोष यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अशक्य’ या शब्दाचा अर्थ अक्षरशः घेऊ नये, कराराचा हेतूच निरर्थक झाला असेल तर तेही पाहावे, असे स्पष्ट केले.

एवढे वाचून प्रत्येक पावसाचे पैसे परत मिळतील असे मात्र कोणी समजू नये. दरडीने हॉटेलची वाट बुजली, वीज-पाणी गेले, हॉटेलनेच दार लावले, तर प्रश्नच नाही; पूर्ण रक्कम मागावी. जिल्हाधिकाऱ्यांनी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली पर्यटकांना बंदी केली किंवा घाट वाहतुकीस बंद केला, तरीही आपली बाजू भक्कम आहे, कारण तेथे जाणेच आदेशाविरुद्ध होते. खरी ओढाताण होते ती मधल्या स्थितीत. हॉटेल उघडे आहे, गाद्या घातलेल्या आहेत, स्वयंपाकी हजर आहे, एक रस्ता सुरू आहे, आणि आपण रेड अलर्ट पाहून घरी थांबलो आहोत. हॉटेल म्हणेल, आम्ही आमचा शब्द पाळला. ते चूक नाही. इशारा म्हणजे बंदी नव्हे, आणि करारात अशा प्रसंगाची अट आधीच लिहिलेली असेल तर बहुधा तीच चालते. येथे हक्काची भाषा थोडी बाजूला ठेवून तारीख बदलून मागणे शहाणपणाचे. शिवाय जेवणाची रक्कम वेगळी काढता येते. न रांधलेल्या अन्नाचे पैसे ठेवून घेण्यास कोणतेही सबळ कारण नसते, आणि बहुतेक हॉटेलवाले एवढे तरी मान्य करतात.

विमान किंवा रेल्वे रद्द झाली म्हणून खोली आपोआप रद्द होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ऑगस्ट 2018 मध्ये पुरामुळे कोचीचा विमानतळ दोन आठवडे बंद होता. अशा वेळी विमान कंपनी तिकिटाचे पैसे देते, पण मुन्नारच्या खोलीचा करार स्वतंत्र असतो. तो वेगळा कळवून वेगळा मिटवावा लागतो.

कळवण्याची वेळ हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पुष्कळ कुटुंबे जात नाहीत आणि काही बोलतही नाहीत. दोन दिवसांनी फोन करतात. तोवर हॉटेलच्या वहीत ‘न कळवता गैरहजर’ अशी नोंद झालेली असते आणि बहुतेक ठिकाणी तिचा अर्थ संपूर्ण रक्कम जप्त असा असतो. खोलीचा ताबा घेण्याच्या वेळेपूर्वी, तोंडी नव्हे तर संदेशाने किंवा ईमेलने कळवावे. मजकूर मोठा नको: आरक्षणाचा क्रमांक, कोणता रस्ता कोणत्या आदेशाने बंद आहे, आणि ‘रक्कम परत करावी, अथवा तारीख बदलून द्यावी.’ सोबत त्या दिवसाचा हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रत, एस.टी.ने गाड्या बंद केल्या असल्यास त्याची सूचना जोडावी. आणि एक प्रश्न लेखी विचारावा: ‘आपल्या हॉटेलपर्यंतचा रस्ता आता सुरू आहे का?’ त्याच्या लेखी उत्तराला पुढे फार किंमत येते. उत्तर न येणे हेही एक उत्तरच असते.

संकेतस्थळावरून आरक्षण केले असेल तर हॉटेल संकेतस्थळाकडे बोट दाखवते आणि संकेतस्थळ हॉटेलकडे. दोघांना एकच पत्र, एकमेकांना दिसेल असे पाठवावे. पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील आणि हॉटेलने खोली देण्यास असमर्थता दाखवली असेल, तर ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून बँकेकडे आक्षेप नोंदवता येतो. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तेथील एका नोंदीने पुष्कळ प्रकरणे पत्रव्यवहारातच मिटतात. न मिटल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. साताऱ्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची.

येथे आपल्या समाजाच्या एका सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. कौटुंबिक सहलीचे बिल पेढीच्या नावाने आणि पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घेण्याची पद्धत बरीच रूढ आहे. वैयक्तिक उपभोगाच्या खर्चावर कराची वजावट मिळत नाही, हे आपले मुनीमजीही सांगतील. त्यातून गैरसोय अशी की तंटा झाला तर समोरचा वकील तेच बिल पुढे करतो आणि म्हणतो, हा व्यापारी कारणासाठी केलेला व्यवहार आहे, हे ग्राहकच नव्हेत. घरच्या सहलीचे बिल घरच्या नावाने घ्यावे.

परतावा मिळताना त्यात कराची रक्कम आली आहे का, हेही पाहावे. आगाऊ रक्कम घेऊन सेवा दिलीच नाही तर हॉटेलने ‘रिफंड व्हाउचर’ द्यायचे असते. करबिल आधीच झाले असेल तर क्रेडिट नोट. रद्द करण्याचे शुल्क कापले असेल तर त्या शुल्कावर खोलीच्याच दराने कर लागतो, असे ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणजे कापलेल्या रकमेपुरताच कर त्यांच्याकडे राहावा, बाकीचा आपल्याकडे यावा.

या मासिकाच्या वाचकांत हॉटेले चालवणारेही आहेत, आणि त्यांची बाजू हलकी नाही. घाट बंद झाला की एकाच दिवशी वीस आरक्षणे रद्द होतात आणि रिकामी खोली दुसऱ्याला देण्याची शक्यताही उरत नाही, कारण दुसराही येऊ शकत नाही. कामगारांचे पगार चालूच असतात. दूध-भाजी आणून ठेवलेली असते. म्हणूनच झालेला खर्च वजा करून उरलेले परत देणे, किंवा पूर्ण रक्कम पुढच्या तारखेला वळवणे, हा दोघांना झेपणारा तोडगा आहे. अचौर्य अणुव्रतात न दिलेले घेऊ नये असे आहे. न पुरवलेल्या जेवणाचे पैसे ठेवून घेणारा त्या व्रताच्या कडेला उभा असतो. आणि केवळ लग्नाचे आमंत्रण आले म्हणून पावसाचे निमित्त सांगून परतावा मागणारा पाहुणाही.

घाटात अडकून वर राहिलेल्यांचा प्रश्न याच्या उलट. त्यांना जादा रात्र मोफत मागता येत नाही, पण आधीच्याच दराने मागावी. बहुधा मिळते, कारण खाली कोणी नवे येणारे नसते.

तारीख बदलून घेणाऱ्याने तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: ही रक्कम कोणत्या दिवसापर्यंत चालेल, दिवाळीच्या आठवड्यात दराचा फरक भरावा लागेल का, आणि आपण न येता घरातील दुसऱ्या कोणी गेले तर चालेल का. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, धुके विरते, आणि पावसाने पडद्याआड ठेवलेली दरी त्या दिवसांत पायथ्यापर्यंत दिसते. आंबेनळीने उतरून प्रतापगड पाहावयाचा असेल तर त्या रस्त्याची स्थिती मात्र तेव्हाही निघण्यापूर्वी विचारून घ्यावी.